लघुसंगणकाची पेटी

गणना करणारा विभाग म्हणजेच संगणक, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु विद्युत्-फलक कोठे बसवावयाचे, त्यांना वीज किती मिळावयाची आणि त्यांची उष्णता कशी बाहेर जावयाची, हे ठरविणारी पेटीही संगणकाचाच एक अवयव होय. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८५ मध्ये बाजारात आणलेला मायक्रोव्हॅक्स-२ हा लघुसंगणक याचे चांगले उदाहरण आहे. त्याला चित्रदर्शक फलक, मोठा पडदा व माउस यांची जोड दिली की, एकट्या अभियंत्याने किंवा संशोधकाने मेजाशी बसून वापरावयाचे व्हॅक्सस्टेशन-२ तयार होई.

या यंत्राच्या लहान पेटीचे नाव बीए-२३. ती मेजावर, मेजाशेजारी किंवा १९ इंची सांगाड्यात ठेवता येई. तिच्यात फलकांसाठी ८ खाचा होत्या. चकती व फीत यांच्या यंत्रणांसाठी मात्र दोनच कप्पे होते. याहून अधिक विस्तार करावयाचा असल्यास चाकांवर सरकणारी, १२ फलकांची बीए-१२३ ही मोठी पेटी घ्यावी लागे.

विजेचा हिशेबही काटेकोर असे. बीए-२३ चा विद्युत्-पुरवठा ५ व्होल्टवर ३६ अँपिअर आणि १२ व्होल्टवर ७ अँपिअर देऊ शके. मात्र एकूण शक्ती २३० वॉटपेक्षा अधिक चालत नसे. आता गुणाकार करून पाहावा. ५ × ३६ = १८० वॉट आणि १२ × ७ = ८४ वॉट; बेरीज २६४ वॉट. म्हणजे दोन्ही मर्यादा एकाच वेळी गाठता येत नसत. म्हणून खाच रिकामी असली, तरी नवा फलक बसविण्यापूर्वी ही बेरीज करणे आवश्यक होते.

फलकांचा क्रमही मनास येईल तसा ठेवता येत नसे. प्रक्रियक पहिल्या खाचेत व स्मृतिफलक त्याला लागून असत. पुढील फलकांपैकी एखाद्याला प्रक्रियकाचे लक्ष वेधावयाचे झाल्यास तो विनंती करी. तिचा अनुमती-संकेत, रांगेतील माणसांनी घागर हातोहात पुढे द्यावी तसा, एका फलकाकडून दुसऱ्याकडे जाई. साहजिकच समान दर्जाच्या विनंत्यांमध्ये प्रक्रियकाजवळच्या फलकाला अग्रक्रम मिळे. मध्येच एखादी जागा रिकामी राहिली, तर साखळी तुटे आणि पलीकडच्या फलकांपर्यंत संकेत पोहोचत नसे. अशा रिकाम्या जागी केवळ संकेत पुढे नेणारा छोटा फलक बसवावा लागे.

जुने यंत्र पुन्हा चालू करू पाहणाऱ्याने हा नियम विशेष ध्यानात ठेवावा. निरुपयोगी वाटणारा फलक काढताच चकतीची यंत्रणा प्रतिसाद देईनाशी झाली, तर चकतीला दोष देण्याची घाई करू नये. प्रथम पेटी उघडून खाचा मोजाव्यात. दोष बहुधा रिकाम्या जागेतच सापडेल.