जुनीं खोटीं नाणीं व त्यांची पारख

ज्या नाण्यानें एके काळीं कोणा मजुराची दिवसाची कमाई बुडविली, तें नाणें आज जपून ठेवण्यांत काय हांशील, असें पुष्कळ वाचक विचारतील. प्रश्न वाजवी आहे. परंतु खोटें नाणें हा एक साक्षीदार आहे. खरें नाणें राजाची इच्छा काय होती एवढेंच सांगतें. खोटें नाणें त्या काळचे लोक पैसा घेतांना काय पाहत होते व काय पाहत नव्हते, हेंही सांगतें. आपल्या खानदेशांत जुन्या पेट्यांच्या तळाशीं असे रुपये पडलेले असतात. कोणी ते भंगारांत टाकतो, कोणी ठकाच्या हातीं देतो. म्हणून ह्या विषयाचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम खोटें कशास म्हणावें हें ठरविलें पाहिजे. धुळ्याहून आग्रा रस्त्यानें नाशिककडे जातांना चांदवड गांव लागतें. तेथें होळकरांची टांकसाळ होती. तेथल्या रुपयावर नांव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचें, लिपि फारशी, आणि टांकसाळीचें नांव 'जाफराबाद उर्फ चांदोर'. बादशहाची सत्ता तर ह्या प्रांतीं नांवापुरतीच उरली होती. मग हा रुपया खोटा काय? मुळींच नाहीं. तो टांकसाळींतून उघडपणें निघाला व काढणाऱ्या सत्तेनें तो आपला म्हणून पत्करला. बादशहाचें नांव केवळ लोकांच्या संवयीसाठीं राहिलें होतें. जें टांकसाळींत न पडतां तेथें पडल्याचें भासवितें आणि हलक्या धातूस भारी धातूच्या मोलानें चालवूं पाहतें, तें खोटें.

ही लबाडी फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत खोटें नाणें करविणारा, घेणारा व चालविणारा ह्यांस हजार पणांचा दंड आणि तें राजाच्या कोशांत घालणाऱ्यास मृत्युदंड सांगितला आहे. पेशवाईंत तर नाना टांकसाळींचे रुपये बाजारांत एकत्र चालत, आणि त्यांची पारख करणें हा सराफाचा धंदाच होता. परक्या किंवा झिजलेल्या रुपयावर तो जी कसर कापून घेई ती बट्टा. नांवाला बट्टा लागतो असें आपण म्हणतों, तें ह्या बट्ट्यावरूनच आलेलें दिसतें.

खानदेश १८१८ सालीं कंपनीकडे गेला आणि १८३५ सालीं कंपनीच्या मुलुखांत एकाच तऱ्हेचा रुपया सुरू झाला. त्याचें वजन एक तोळा, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. त्यामुळें रुपया हेंच तोळ्याचें वजन झालें. आतां खोटें करणाऱ्यास एकच नमुना साधावयाचा होता. पण पारखणाऱ्यासही तोच एक नमुना ओळखावयाचा होता.

पारखीच्या रीति कोणासही शिकतां येतील अशा आहेत. पहिली आवाजाची. चांदीचा रुपया दगडावर टाकला म्हणजे खणखणीत वाजतो व नाद क्षणभर रेंगाळतो. शिसें व कथील ह्यांचा रुपया बद्द वाजतो. दुसरी वजनाची. त्याच आकाराचा तांब्याचा रुपया वर चांदीचा मुलामा असला तरी सुमारें दीड ग्रॅम हलका भरतो. शिसें मात्र चांदीहून जड व कथील हलकें. दोहोंचा मेळ घालून वजन जमवितां येतें, पण नाद जमवितां येत नाहीं. तिसरी रीत डोळ्यांची, आणि आमच्या मतें अभ्यासकास हीच अधिक उपयोगाची. टांकसाळींत नाणें ठशांच्या दाबाखालीं उमटतें, म्हणून त्याचीं अक्षरें धारदार असतात. खोटें नाणें पुष्कळदां खऱ्या नाण्याचा सांचा करून ओतलेलें असतें. त्यावर बारीक खड्डे दिसतात, अक्षरें विरघळल्यासारखीं वाटतात, आणि सांच्याचे दोन भाग जेथें जुळले तेथें कडेवर रेघ राहते. मुलाम्याचें नाणें आधीं कडेस व मुखवट्याच्या गालावर झिजतें व तेथून तांबूस दिसूं लागतें. लोहचुंबक चांदीस ओढीत नाहीं. पण १९४७ चा निकेलचा रुपया खरा असूनही चिकटतो हें विसरूं नये.

सरकारही ह्या कारागिरांपुढें कित्येकदां हात टेकीत असे. १९१९ सालीं चांदी वांचविण्यासाठीं निकेल-मिश्र धातूचा अधेला काढला, तर त्याच्या नकला इतक्या झाल्या कीं थोड्याच वर्षांत तो मागें घ्यावा लागला. १९४० पासून रुपयांत निम्मीच चांदी राहिली, तेव्हां कडेच्या दातऱ्यांमध्यें चर पाडून त्यांत नक्षी घातली, कारण ओतीव नाण्यास ती कड साधणें कठीण. इंग्लंडांतही गोल पौंडाचीं शंभरांत सुमारें तीन नाणीं खोटीं निघूं लागल्यामुळें २०१७ सालीं तें नाणें बंद करून बारा कोनांचें आणलें.

ह्या सर्वांत नुकसान कोणाचें होत असे? सराफाजवळ तराजू व कसोटी होती. बाजार उठल्यावर, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडांत मजुरी घेणाऱ्याजवळ कांहींच नव्हतें. खोटा रुपया हातोहात फिरत शेवटीं ज्यास तो पुढें ढकलतां येत नाहीं त्याच्याच पदरीं पडे. कडेस सुरीची खोंच असलेला रुपया मिळाला तर तो सराफानें तपासलेला असावा असें समजावें; असला रुपया आम्हांस कोऱ्या नाण्याहून मोलाचा वाटतो.

आज ठकबाजीनें दिशा बदलली आहे. जुन्या काळीं बाजारांत चालविण्यासाठीं केलेलें खोटें नाणें निराळें, आणि हल्लीं हौशी माणसास फसविण्यासाठीं केलेलें निराळें. कंपनीचें नांव, १८१८ साल व राम-सीता-हनुमान ह्यांचीं चित्रें असलेला 'आणा' लाखोंच्या मोलाचा म्हणून दाखवितात. कंपनीनें असला आणा कधीं काढलाच नव्हता. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याची कथाही तसलीच. जुन्या नाण्यांस मोठी किंमत देतों, आधीं कर व दलाली भरा, असें रिझर्व्ह बँकेच्या नांवानें सांगणारे ठक निघाल्यामुळें बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें लोकांस सावध केलें. उलट, दहा रुपयांचीं खरीं नाणीं खोटीं समजून पुष्कळ बाजारांत नाकारलीं गेलीं, तेव्हां चौदाही तऱ्हा चालू आहेत असें जानेवारी २०१८ मध्यें त्याच बँकेस सांगावें लागलें.

कायद्याचेंही भान असावें. शेत नांगरतांना पुरलेला ठेवा निघाला व तो दहा रुपयांहून अधिक किमतीचा असला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास कळवावें लागतें. चालू नाण्याची नकल खरी म्हणून चालविण्याच्या हेतूनें जवळ बाळगणें गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १८० व्या कलमांत मात्र नाणें कायदेशीर मार्गानें आलें असें सिद्ध केल्यास गुन्हा होत नाहीं, असा खुलासा आहे. म्हणून नाणें कोठून आलें याची नोंद जवळ असणें हिताचें.

नाणें चिंचेनें वा राखेनें घांसूं नये. मुलामा निघून गेला कीं पुरावाही गेला. प्रत्येक नाणें निराळ्या कागदी पुडींत ठेवून वर गांव, मिळाल्याची तारीख, देणाऱ्याचें नांव, वजन व खोटेपणाची खूण लिहावी. शंका आल्यास धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ किंवा नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणेशास्त्र संस्था येथें विचारावें. नेतांना नाण्याबरोबर ती पुडीही न्यावी.