पंप शेवटच्या गड्याकडे

पोरांनो, रविवारी सायकलवर पानशेतला निघताय असं कळलं. नऊ जण, त्यात दोघींची ही पहिलीच लांबची खेप. भाद्रपद लागलाय, पाऊस मधूनमधून उघडीप देतोय, खानापूरच्या पुढे भात पोटरीत आलं असेल. जायला याहून चांगले दिवस नाहीत. माझे गुडघे आता 80 किलोमीटर झेपू देत नाहीत, म्हणून मी बरोबर नाही. पण त्या रस्त्यावर मी उमेदीची सगळी वर्षं सायकल मारली आहे. तेव्हा चार गोष्टी ऐकून जा.

सगळ्यात आधी पंपाचं. पंप, जास्तीची ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पाने शेवटच्या गड्याकडे द्यायचे, आणि शेवटचा गडी म्हणजे तुमच्यातला सगळ्यात दमदार माणूस. उलटं करू नका. आम्ही उलटं केलं होतं. 1978 च्या श्रावणात कारखान्यातले आम्ही आठ जण निघालो. मी पुढे, पंप माझ्याच सायकलच्या दांडीला अडकवलेला. आठवा पोरगा नुकताच कामाला लागलेला, भाड्याची सायकल घेऊन आलेला. पानशेतला पोचून चहा सांगितला आणि पेले मोजताना लक्षात आलं, आपण सातच आहोत. दोघे जण उलटे फिरलो. ओसाड्याच्या अलीकडे तो दिसला. मागचं चाक बसलेलं, अंगावर पावसाची धार, सायकल हाताने ढकलत येत होता. दीड तास ढकलली होती त्याने. आमच्यावर रागावला नाही, एक शब्द बोलला नाही. पण पुन्हा कधी आमच्याबरोबर आलाही नाही. इतकी वर्षं झाली, तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून गट चालतो तो मागच्याच्या चालीने. नवख्या मुलींना मधे ठेवा. ज्याला दम आहे त्याने आपला दम मागच्यासाठी राखावा. प्रत्येक फाट्यावर एकाने उभं राहायचं, शेवटचा गडी डोळ्यांनी दिसला की मगच हलायचं. डोणज्याच्या फाट्यावर तर नक्कीच, कारण तिथून एक रस्ता सिंहगडाला चढतो आणि एक पानशेतला जातो. फोन आहेत म्हणून हे टाळू नका. डोंगराच्या आड रेंज जाते, आणि पावसात फोन पिशवीच्या तळाशी असतो.

आता वारा. या दिवसांत वारा पश्चिमेचा, आणि पानशेतही त्याच अंगाला. म्हणजे जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. पहिल्या दोन तासांत पाय भरून आले तर घाबरू नका, परतीला तोच वारा ढकलत आणेल. पुढचा गडी वारा अंगावर घेतो, मागच्यांना त्याचा आडोसा मिळतो. म्हणून तुमच्यातल्या तिघा-चौघा दणकट पोरांनी दर दहा मिनिटांनी पुढची जागा बदलावी. शेवटची जागा मात्र दिवसभर एकाचीच. ओळीत चालताना आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी कधी घालू नका. तो जरा वळला की चाकं घासतात, आणि पडतो तो मागचा. खड्डा दिसला की पुढच्याने ‘खड्डा’ म्हणून ओरडायचं आणि प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. मागून गाडी आली की तीच हाक मागून पुढे. दोघादोघांनी गप्पा मारत शेजारी चालवणं खडकवासल्यापर्यंत तर मुळीच नाही.

स्वारगेटहून पानशेत जवळजवळ 40 किलोमीटर. रस्ता बराचसा धरणाच्या पाण्याकडेने जातो, म्हणून चढ आहेत पण जीव काढणारे नाहीत. सगळ्यांची मिळून ताशी 12 ची चाल धरा, थांबे धरून चार तास. सहाला निघालात तर दहाला पोचाल. तिथून साडेअकराच्या आत निघा. रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाड्यांची जी दाटी होते, तिच्यात दमलेल्या पायांनी सायकल घालायची नाही. चारच्या आत ती जागा मागे पडली पाहिजे.

उतारावर ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. मागचा आधी, पुढचा हलक्या हाताने. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरचा चिखल डांबरावर सांडलेला असतो, वळणावर मुरूम वाहून आलेला असतो. ओल्यात ब्रेकचे रबर उशिरा धरतात, तेव्हा एरवीच्या दुप्पट अंतर ठेवा. गुरं आडवी आली तर घंटी वाजवत बसू नका, बुजतात. थांबा, गुराखी वाट करून देतो. कुत्रं अंगावर आलं तर जोरात पळवण्यापेक्षा खाली उतरा आणि सायकल मधे धरून चालत निघा.

पंक्चर होणारच असं समजून जा. ट्यूब बदलायला पाच मिनिटं लागतात, पण घाईत सगळे एकच चूक करतात. जुनी ट्यूब काढली की नवी आत घालतात, आणि दोन किलोमीटरवर तीही बसते. बाभळीचा काटा टायरमध्येच राहिलेला असतो. बाहेरून तो मोडून गेलेला, आतून तांदळाच्या कणीएवढं टोक वर आलेलं. ते डोळ्याला दिसत नाही. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळून टायरच्या आतून सावकाश पूर्ण फिरवा. जिथे कापड अडकेल तिथे काटा. तो आतूनच उपसून काढा, मग पुन्हा एक फेरी फिरवा, कारण काटे जोडीनेही असतात. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला गोल आकार आला की मगच आत घाला, म्हणजे पीळ पडत नाही. टायर बसवताना शेवटची वीतभर कड अंगठ्यांनी सारा. पट्टीने रेटलीत तर ट्यूब चिमटून नवं भोक पडतं. पॅच लावायची वेळ आली तर सोल्यूशन फासून ते कोरडं होईपर्यंत दम धरा. ओल्यावर चिकटवलेला पॅच उतारावरच सुटतो.

भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. पावसाळी हवेत घाम कळत नाही, म्हणून लोक पाणीच पीत नाहीत आणि मग पोटरीत गोळा येतो. दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट. एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ घाला. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा, केळी घ्या. पानशेतला पिठलं-भाकरी खाल, खाच, पण दोन भाकऱ्यांवर थांबा आणि अर्धा तास बसून मग निघा.

वाटेत पाणी भरायचं असेल, मुलींना आडोसा हवा असेल तर सरळ घराच्या दाराशी जाऊन विचारा. ‘मावशी’ म्हणून हाक मारली तर या खोऱ्यात अजून कोणी नाही म्हणत नाही. जिथे पाणी प्यालात तिथल्या टपरीवर चहा घ्या. कागद, पिशव्या परत आणा.

आणि पाण्यात उतरायचं नाही. हे मी विनंती म्हणून सांगत नाही. धरणाचं पाणी काठाला गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला गाळात पाय रुततो. पट्टीचे पोहणारे तिथे गेलेत. भिंत दुरून बघा. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आईने मला कडेवर घेऊन पर्वतीची वाट धरली होती. खडकवासलाही त्याच दिवशी फुटलं आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. जिथून तुम्ही सायकली घेऊन जाणार, त्याच खोऱ्यातून ते पाणी उतरलं होतं. नवख्या दोघींना तिथे उभं राहून हे सांगा.

शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी सायकली घेऊन अंगणात या. टायर मी स्वतः अंगठ्याने दाबून बघेन, सीटची उंची लावून देईन. आणि पंप माझाच न्या, वायसर नवा घातलाय. शेवटी कोण राहणार ते तेवढं येतानाच ठरवून या.