समितीचे इतिवृत्त : मतदान, भाषा आणि पारदर्शकता



इतिवृत्त कसे लिहावे, हे आपण मागील घटकात पाहिले. प्रस्तुत घटकात इतिवृत्त कसे वाचावे, याचा विचार करावयाचा आहे. आपण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथे राहत असाल, तर आपल्या रस्त्याचे, नाल्याचे आणि शाळेचे निर्णय ज्या कागदावर उतरतात, तो हाच कागद होय.

१. समित्यांची रचना

मुंबई महानगरपालिकेचा कारभार १८८८ च्या अधिनियमानुसार चालतो. सभागृहात २२७ नगरसेवक निवडून येतात. सर्व विषय सभागृहात सविस्तर चर्चिणे शक्य नसल्याने स्थायी, सुधार, शिक्षण व बेस्ट या समित्या काम वाटून घेतात. त्यांत स्थायी समिती सर्वांत महत्त्वाची, कारण ठरावीक मर्यादेपुढील खर्चाच्या कंत्राटांना तिची मंजुरी लागते. तिच्यातील जागा पक्षांना संख्याबळाच्या प्रमाणात मिळतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. अंधेरीचे के पूर्व व के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य, घाटकोपरचा एन आणि मुलुंडचा टी या विभागांतील प्रश्न प्रथम तेथे यावेत, अशी अपेक्षा आहे.

२. मत कसे मोजले जाते?

समितीपुढील प्रस्तावाचे भवितव्य उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने ठरते. समसमान मते पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत देता येते. प्रत्यक्षात बहुतेक प्रस्ताव आवाजी मतदानाने निकाली निघतात. सभागृहात 'ठराव संमत' अशी घोषणा होऊन तशी नोंद झाली, की मतांचे आकडे न पाहताही ती पुरेशी ठरते. मात्र त्याच वेळी सदस्यांनी रीतसर मतविभागणी मागितली, तर कोणी बाजूने व कोणी विरोधी मत दिले, त्यांची नावे नोंदवावी लागतात. मतविभागणीची मागणी झाली नाही, तर आपल्या नगरसेवकाने काय केले, हे कागदावरून कळत नाही.

३. भाषेत लपलेला कर्ता

पुढील काल्पनिक नोंदी पाहा.

(अ) सदर प्रस्ताव संमत करण्यात आला.
(आ) सदर प्रस्ताव १४ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. मतदारांची नावे सोबत जोडली आहेत.

पहिले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तो नवीन कर्मणी प्रयोग आहे. पण त्यात कर्ता नाही. निर्णय कोणी घेतला, हा प्रश्न वाक्यरचनेतच विरून जातो. दुसरे वाक्य कर्त्यापर्यंत पोहोचण्याची वाट दाखवते.

काही रूढ शब्दप्रयोगांचेही असेच आहे. 'प्रस्ताव राखून ठेवला' म्हणजे निर्णय पुढे ढकलला. 'फेरविचारार्थ परत पाठवला' म्हणजे तो प्रशासनाकडे परत गेला. 'दप्तरी दाखल केला' म्हणजे व्यवहारात तो फेटाळला. वरवर सौम्य वाटणाऱ्या या शब्दांचे परिणाम सारखे नाहीत.

४. नागरिकाचा अधिकार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. समितीच्या बैठका जनतेला खुल्या आहेत काय आणि इतिवृत्त पाहावयास मिळते काय, हेही त्यात सांगावे लागते. न मिळाल्यास अर्ज करता येतो. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असे मोघम न लिहिता समिती, बैठकीची तारीख व विषयक्रमांक द्यावा.

समित्याच नसतील तर काय होते, हेही मुंबईने अनुभवले आहे. ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली. त्यानंतरची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधल्या काळात सभागृहाचे व समित्यांचे अधिकार प्रशासकाकडे होते. निर्णय होत राहिले. पण विरोधी मत नोंदवणारा लोकनियुक्त सदस्य नव्हता. इतिवृत्तातील मतभेदाची नोंद म्हणजे अडथळा नव्हे. निर्णयाला पर्याय होता, याचा तो पुरावा होय.

सारांश

मतदान हा निर्णयाचा मार्ग आहे, तर इतिवृत्त ही त्याची स्मृती. ती स्मृती नेमकी नसेल, तर पाच वर्षांनी मत देताना मतदाराच्या हाती केवळ ऐकीव गोष्टी उरतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. आवाजी मतदान व मतविभागणी यांतील फरक स्पष्ट करा.
२. 'दप्तरी दाखल' व 'राखून ठेवणे' यांचे अर्थ सोदाहरण लिहा.
३. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेच्या इतिवृत्तातील कर्ता नसलेली तीन वाक्ये निवडा आणि कर्ता स्पष्ट होईल अशा रीतीने ती पुन्हा लिहा.