फवारणी सुरू होण्याआधी ड्रोनची वायर तपासा

बेंगळुरूच्या परिसरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. नाचणी, तूर आणि भाजीपाल्यावरची फवारणी याच सुमारास जोर धरते आणि उघडीप मिळाली की काम झटपट उरकावे लागते. अशा वेळी ड्रोन बंद पडला तर फवारणीची वेळ निघून जाते. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून ड्रोन घेतलेल्या महिला बचत गटाची फवारणीची कमाई तर त्या एकाच यंत्रावर असते. मोटारी, पाती, नोझल सगळे नियमित तपासतात. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड लाल-काळ्या वायरीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ती तपासणी ऑगस्टमध्येच उरकावी.

आधी प्रवाहाचा हिशेब करा
समजा, 10 लिटर टाकीच्या ड्रोनला 22 अँपिअर-तासांची, 12 सेलची (44.4 व्होल्ट) बॅटरी आहे आणि 10 मिनिटांत तिचा 80 टक्के चार्ज संपतो. म्हणजे सरासरी सुमारे 105 अँपिअर प्रवाह वाहतो. भरल्या टाकीने उडताना तो आणखी वाढतो.

तारेच्या गेजचा (एडब्ल्यूजी) आकडा जितका लहान, तितकी तार जाड. 10 गेजच्या एक मीटर तारेत एवढ्या प्रवाहाने सुमारे 36 वॉट उष्णता तयार होते. 8 गेजच्या तारेत साधारण 23 वॉट. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. जाड तारेने मीटरमागे जेमतेम 27 ग्रॅम तांबे वाढते, तेव्हा वजनाचे कारण पुढे करून बारीक तार घेऊ नये. सहा मोटारींच्या ड्रोनमध्ये प्रत्येक मोटारीच्या हाताकडे सरासरी 17-18 अँपिअर जातात. तिथे 12 गेज सहसा पुरते. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या गेजपेक्षा बारीक तार मात्र कधीही वापरू नका.

सिलिकॉनच का?
चांगल्या 10 गेज सिलिकॉन वायरीत 0.08 मिलिमीटरचे, कथील चढवलेले सुमारे 1,050 तांब्याचे धागे असतात. त्यामुळे ती ड्रोनच्या घडी होणाऱ्या हातांसोबत सहज वळते आणि मोटारींच्या थरथरीने लवकर तुटत नाही. तिचे आवरण 200 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. साध्या पीव्हीसीची मर्यादा बहुधा 70 ते 105 अंश असते. पण आवरण टिकते म्हणून वायर तापू देऊ नये. कनेक्टर आणि लिथियम बॅटरी एवढी उष्णता सोसत नाहीत.

खरेदी करताना
बेंगळुरूच्या एस. पी. रोडच्या बाजारात सुटे भाग मिळतात. कुठूनही घ्या, पण फक्त आवरणावरचा छाप पाहून घेऊ नका. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार वरून तांब्यासारखीच दिसते.
• 10 गेजची एक मीटर तार सोलून फक्त धाग्यांचे वजन करा. अस्सल तांबे सुमारे 47 ग्रॅम भरते. वजन बरेच कमी भरले तर तार नाकारा.
• धागा पात्याने खोलवर खरवडा. कथिलाखाली आतपर्यंत लालसर तांबेच दिसायला हवे.
• आवरणाचा लहान तुकडा उघड्यावर जाळून पाहा. सिलिकॉनची पांढरी राख होते. ते वितळून ठिबकत नाही.

जोडताना
डाग देताना सोल्डर धाग्यांत खोलवर चढू देऊ नका. तिथे तार ताठ होते आणि नेमकी तिथेच तुटते. जोडावर हीट श्रिंक नळी चढवा आणि तार फ्रेमला बांधा, म्हणजे ताण डागावर येणार नाही. बॅटरीची वायर विनाकारण लांबवू नका. लांब वायरीमुळे स्पीड कंट्रोलरच्या कपॅसिटरवर ताण येतो.

फवारणीनंतर
सिलिकॉन मऊ असते आणि धारदार कडेला लगेच चिरते. कार्बन फ्रेमच्या छिद्रातून वायर जात असेल तर तिथे जाळीदार नळी किंवा रबरी ग्रोमेट बसवा. ईसी (इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट) प्रकारच्या कीटकनाशकांत झायलीनसारखे द्रावक असू शकतात आणि त्यांनी सिलिकॉन फुगते. विद्राव्य खते आणि ताम्रयुक्त औषधे चिरेतून आत शिरली की धागे हिरवे पडून गंजतात. म्हणून रोज काम संपल्यावर बॅटरी काढून वायर ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडी करा. उड्डाण संपल्याबरोबर बॅटरी सोडवून वायर व कनेक्टर बोटांनी चाचपा. हात ठेववत नसेल तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे; कारण सापडेपर्यंत पुढचे उड्डाण करू नका.

नियमांचे भान
ड्रोन नियम 2021 नुसार फवारणीच्या ड्रोनला टाइप प्रमाणपत्र लागते. त्यामुळे मूळ रचनेपेक्षा वेगळी वायर किंवा कनेक्टर टाकण्याआधी उत्पादकाला विचारा. नवी वायर बसवल्यावर पहिले उड्डाण टाकीत औषध न घालता, मोकळ्या रानात आणि माणसांपासून दूर करा.

ड्रोनच्या किमतीपुढे चांगल्या वायरीचा खर्च नगण्य आहे. पहिली फवारणी ठरवण्याआधी गेज, वजन आणि जोड या तीन गोष्टी तपासा, आणि शंका आली तर वायर बदलूनच टाका.