दांडीवरचे शास्त्र

श्रावण महिना होता. कोकणातील आमच्या गावी चार दिवस पावसाने घटकाभरही उसंत घेतली नव्हती. कौलांवरून पागोळ्या अखंड गळत होत्या, भिंतींना ओल आली होती आणि काडेपेटीतील काड्याही पेटता पेटत नव्हत्या. अशा दिवसांत १४ ऑगस्टच्या संध्याकाळी शाळेतून परत येताना मी शेताच्या बांधावरून घसरलो आणि गणवेशासह चिखलात पडलो.

दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन. झेंड्याला सलामी देणाऱ्या तुकडीत माझी निवड झाली होती आणि गणवेशाचा माझ्याजवळ तो एकच जोड होता. आईने पांढरा सदरा आणि खाकी चड्डी लगेच धुऊन दिली. परंतु बाहेर पाऊस आणि सूर्य तर केव्हाच मावळलेला! हे कपडे सकाळपर्यंत वाळणार कसे?

मला एक युक्ती सुचली. स्वयंपाकघरात चूल धडधडत होती. तिच्यावरच्या बाजूला मी एक दोरी बांधली आणि कपडे तिच्यावर टाकून दार लावून घेतले. तासाभराने जाऊन पाहतो, तो कपडे चांगले गरम झालेले. पण ओलावा मात्र जसाच्या तसा! माझा रडवेला चेहरा पाहून आजी आत आली. दोरीकडे पाहून ती हसू लागली.

“अरे, चुलीवर भात शिजतो आहे. त्याची वाफ सगळी या खोलीत कोंडलेली. भात पाणी सोडतो आहे आणि तुझा सदरा ते पितो आहे! असा कपडा कधी वाळेल का?”

“पण आजी, ऊन नाही, मग विस्तवावाचून कपडे वाळणार कशाने?”

“वाऱ्याने,” आजी म्हणाली. “ऊन वाऱ्याचा सोबती. सोबती आला नाही म्हणून वारा काही काम टाकून बसत नाही. चल, आण ते कपडे इकडे.”

आजीने एक कोरडा पंचा जमिनीवर पसरला. त्यावर सदरा सपाट ठेवून तिने दोहोंची मिळून घट्ट गुंडाळी केली आणि मला तिच्यावर उभे राहावयास सांगितले. गुंडाळी उलगडली तेव्हा पंचा ओला झाला होता आणि सदरा निम्मा हलका! चड्डीचेही तसेच केले. मग तिने सदऱ्याची सर्व बटणे काढली, तो उलटा केला आणि दोन्ही बाह्यांतून एक बांबूची काठी ओवली. शेतातील बुजगावण्यासारखा तो हात पसरून उभा राहिला. चड्डीचे खिसे बाहेर काढून तीही कमरेकडून उघडी राहील अशी टांगली. आमच्या घराचे पुढचे व मागचे दार समोरासमोर होते. दोन्ही उघडी ठेवली, म्हणजे माजघरातून वाऱ्याचा झोत वाहत असे. आजीने कपडे नेमके त्या वाटेवर अडकवले आणि दोहोंमध्ये वीतभर अंतर सोडले.

पहाटे उठून मी प्रथम दांडीकडे धावलो. सदऱ्याची गळपट्टी आणि चड्डीचा पट्टा एवढेच काय ते दमट होते. आजीने पितळेच्या तांब्यात चुलीतील निखारे घातले, सांडशीने त्याचा काठ पकडला आणि त्या तापलेल्या बुडाने दोन्ही कपड्यांना इस्त्री केली. त्या दिवशी झेंड्याला सलामी देताना माझे अंग कोरडे होते आणि मन आजीच्या शहाणपणाने भरून गेले होते.

पुढे शाळेत पदार्थविज्ञान शिकू लागलो, तेव्हा त्या रात्रीचा उलगडा झाला. ओल्या कपड्यातील पाण्याचे कण वाफ होऊन सतत हवेत जात असतात. कपड्याला लागून असलेली हवा त्या वाफेने लवकरच भरून जाते. ती तेथेच कोंडून राहिली, तर जेवढे कण कपडा सोडतात, जवळजवळ तेवढेच परत त्याला येऊन मिळतात आणि कपडा वाळत नाही. वारा ही भरलेली हवा दूर नेतो व तिच्या जागी नवी हवा आणतो.

हवेत वाफ मावण्यालाही मर्यादा असते. ३० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांच्या हवेत ती सुमारे १७ ग्रॅमच मावते. उष्ण हवेची झोळी मोठी. पण ती आधीच भरलेली असेल तर तिच्या मोठेपणाचा काय उपयोग? विदर्भात मे महिन्यात ही झोळी मोठी असते आणि बरीचशी रिकामीही असते. म्हणून तेथे धोतर पाहता पाहता वाळते. कोकणात जुलैमध्ये ती काठोकाठ भरत आलेली असते. म्हणून तेथे वाऱ्याची मदत अधिक हवी.

पिळण्याला आजी एवढे महत्त्व का देई, हेही तेव्हाच कळले. शून्य अंशावरचे एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत तापवण्यास १०० कॅलरी उष्णता लागते. पण ३० अंशांच्या त्याच पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात! जे पाणी हाताने पिळून निघते, त्यासाठी एवढी उष्णता खर्च करण्याचे कारणच उरत नाही. तसेच, कपडा जितका पसरलेला, तितका त्याचा अधिक भाग हवेला लागतो. म्हणून लुगडे दांडीवर चारपदरी टाकू नये, एकपदरी पसरावे. कपडा झटकून वाळत घालावा. रंगीत कपडे उलटे करून टाकावेत, म्हणजे उन्हाने रंग विटत नाहीत.

मुलांनो, कपडा कोरडा असणे ही केवळ सोयीची गोष्ट नाही. दमट कपड्यांत सूक्ष्म जंतू व बुरशी वाढतात. त्यांमुळे कपड्यांना कुबट वास येतो. पावसाळ्यात ओलसर कपडे अंगावर राहिल्यास गजकर्णासारखे त्वचेचे विकारही बळावतात. मात्र कपडे वाळवण्याच्या घाईत जीव धोक्यात घालू नये. दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. तो झोपेतच माणसाचा प्राण घेतो. विजेच्या तारेजवळ कपड्यांसाठी लोखंडी तार बांधू नये. तिच्यात वीज उतरली, तर ओला कपडा हातात धरणाऱ्याच्या जिवावर बेतते. सुताची किंवा काथ्याची दोरी चांगली. पण तीही विजेच्या तारांपासून दूरच असावी.

कपड्यातील पाणी नेणारी हवाच अंथरुणाला मऊपणाही देते. कापसाचा तंतू बोंडात असताना बारीक नळीसारखा असतो. बोंड उकलले की तो वाळतो, चपटा होतो आणि त्याला पीळ पडतात. या पिळांमुळे तंतू एकमेकांना अगदी चिकटून बसत नाहीत. त्यांच्यामध्ये हवा राहते. नवी गादी मऊ लागते, ती या कोंडलेल्या हवेमुळे. रोजच्या वापराने तंतू दबतात, गोळे होतात आणि हवा निघून जाते. शिवाय कापूस हवेतील ओल शोषून घेतो. साधारण हवेतही त्यात वजनाच्या ७–८ टक्के पाणी असते आणि कुंद हवेत ते आणखी वाढते. मग गादी जड व टणक होते.

पूर्वी पाऊस सरला की पिंजारी दारोदार येत. धनुष्यासारख्या पिंजणाची तात लाकडी ठोकळ्याने छेडली की घुमणारा नाद निघे आणि दबलेला कापूस ढगासारखा फुले. पिंजारी त्या कापसात नवे असे काही घालीत नसे. गोळे मोडून तो त्यात हवा परत आणीत असे. आता हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रावर होते. तत्त्व मात्र तेच आहे.

गादी दरवर्षी पिंजून घेणे सर्वांस परवडत नाही. पण तिला ऊन दाखवणे कोणालाही जमते. दुपारच्या उन्हात गादी खाटेवर टाकावी, म्हणजे खालूनही हवा लागते. दोन तासांनी ती उलटावी, हलक्या हाताने थोपटावी आणि ऊन कलण्यापूर्वी आत घ्यावी. उशीर झाला तर संध्याकाळची ओल ती पुन्हा शोषते. जाड गोधडी एका दोरीवर टाकल्यास तिचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात. ती हातभर अंतरावरील दोन दोऱ्यांवर पसरावी, म्हणजे मधून वारा खेळतो. दमट अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे धुळीतील किडे वाढतात आणि त्यांमुळे काही जणांना दम्याचा त्रास होतो. उन्हात वाळलेल्या अंथरुणात ते सहसा तग धरीत नाहीत.

आपल्याकडे अनेक गावांत नवरात्रापूर्वी घरातील झाडून सारे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुतात. या चालीत केवढा विचार आहे पाहा! तेव्हा पाऊस ओसरू लागलेला असतो, नदीला पाणी भरपूर असते आणि उन्हाला तेज चढू लागते. पुढे थंडी येणार असते. तिच्या आधी प्रत्येक घरची गोधडी स्वच्छ आणि कोरडी होते.

माझ्या आजीला घनमीटर ठाऊक नव्हता की कॅलरी ठाऊक नव्हती. पण वारा कोणत्या दारातून येतो आणि कोणत्या दाराने जातो, हे तिने डोळे उघडे ठेवून पाहिले होते. पाहणे, कारण शोधणे आणि त्याप्रमाणे वागणे, यालाच शास्त्र म्हणतात. ते प्रयोगशाळेत असते, तसेच घरातील दांडीवरही असते.

अभ्यास

१. चुलीवर टांगलेले कपडे गरम होऊनही का वाळले नाहीत?
२. “ऊन वाऱ्याचा सोबती,” असे आजी का म्हणाली? तुमच्या शब्दांत सांगा.
३. कारणे द्या : (अ) वापरलेली गादी टणक होते. (आ) जाड गोधडी दोन दोऱ्यांवर वाळत घालावी.
४. सारख्या आकाराचे तीन रुमाल भिजवून सारखेच पिळा. एक पसरून वाऱ्यावर ठेवा, दुसरा घडी करून त्याच जागी ठेवा आणि तिसरा पसरून बंद पेटीत ठेवा. दर अर्ध्या तासाने पाहून नोंद करा.
५. तुमच्या घरी पावसाळ्यात कपडे कसे वाळवतात, ते घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारून दहा ओळी लिहा.