हळद-मिरीचा काढा, मिरचीचे मलम आणि मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधे

तळपायांची आग, मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखी कळ ही मज्जातंतूजन्य वेदनेची लक्षणे मधुमेही, नागीण होऊन गेलेल्या किंवा मणक्याचा विकार असलेल्या शेतकऱ्यांत नेहमी आढळतात. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू असताना घरी हळद-मिरीचा काढाही घेतला जातो. खुर्सीपार (भिलाई) येथे राहून लगतच्या गावात भाजीपाला पिकविणाऱ्या एका मराठी शेतकऱ्याने विचारले, ‘‘काढा वनस्पतिजन्य आहे, मग गोळीसोबत चालेल ना?’’ प्रश्न वैद्यकाचा असला, तरी त्याचे मर्म फवारणीच्या टाकीतून चांगले उलगडते.

पायरेथ्रम हे फुलांपासून मिळणारे कीटकनाशक माशीच्या मज्जातंतूंवर तत्काळ आघात करते. परंतु माशीच्या शरीरातील विकरे (एन्झाइम) त्याचे विघटन करतात आणि खाली पडलेली माशी पुन्हा उडू लागते. 1940 च्या सुमारास असे दिसून आले की, तिळाचे तेल मिसळल्यास पायरेथ्रमचा प्रभाव वाढतो. तेलातील घटक स्वतः माशी मारत नाहीत. ते विघटन करणाऱ्या विकरांना, मुख्यतः सायटोक्रोम पी-450 गटाला, अडवितात. याच तत्त्वावर पुढे पायपेरोनिल ब्युटॉक्साइड हा सिनर्जिस्ट आला. तो आजही अनेक घरगुती फवाऱ्यांत असतो.

काळ्या मिरीतील पायपेरीनच्या रेणूत याच सिनर्जिस्टशी मिळतीजुळती घडण आहे आणि मानवी आतडे व यकृत यांतील विकरांवर त्याचा परिणामही तसाच होतो. 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपेरीन दिले, तेव्हा कर्क्युमिनची शरीरातील उपलब्धता सुमारे 20 पट वाढली. हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात तो यामुळेच. मात्र अडविलेले विकर हळद कोणती आणि औषध कोणते, असा भेद करीत नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या तीव्र वेदनेवर दिले जाणारे कार्बामाझेपीन सायटोक्रोम पी-450 मार्फतच विघटित होते. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील अभ्यासात (2009) हे औषध अपस्मारासाठी घेणाऱ्या रुग्णांना 20 मिलिग्रॅम पायपेरीन दिल्यावर औषधाची रक्तातील पातळी वाढली. मिरीत पायपेरीन 5 टक्के धरले, तर एवढी मात्रा अर्ध्या ग्रॅमहून कमी मिरीत येते. भाजीतील चिमूटभर मिरीची धास्ती नको. पण रोजचा कडक काढा ही निराळी गोष्ट आहे. भोवळ, एका वस्तूच्या दोन दिसणे, चालताना तोल जाणे ही कार्बामाझेपीन वाढल्याची लक्षणे होत.

गॅबापेन्टिन व प्रीगॅबालिन यकृतात जवळजवळ विघटित होत नाहीत. ती मूत्रावाटे बाहेर पडतात. त्यांच्याबाबत हा विशिष्ट धोका कमी आहे. तेथे मूत्रपिंडाचे कार्य पाहणे महत्त्वाचे.

मिरचीची कथा वेगळी आहे. बोलिव्हियातील रानमिरचीच्या अभ्यासात दिसले की, ढेकूणवर्गीय कीटकांनी फळाला पाडलेल्या छिद्रांतून फ्युजॅरियम बुरशी शिरते आणि कॅप्सायसिन बियांचे तिच्यापासून रक्षण करते. हेच कॅप्सायसिन आपल्या त्वचेतील वेदनाग्राही तंतूंना प्रथम चेतविते व नंतर निष्क्रिय करते. त्याचा ग्राही 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखला. 2021 च्या नोबेल पुरस्कारात या कार्याचा वाटा आहे. मलमातील कॅप्सायसिन रक्तात फारच थोडे उतरते, म्हणून पोटातील गोळ्यांशी त्याचा संघर्ष सहसा होत नाही आणि दोन्ही उपाय एकत्र योजता येतात. मलम 0.025 ते 0.075 टक्के तीव्रतेचे असून दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे लावावे लागते. सुरुवातीची जळजळ पाहून काही जण ते मध्येच सोडून देतात, हे दुर्दैव. 8 टक्क्यांची पट्टी मात्र वैद्यकीय देखरेखीखालीच लावली जाते. घरी वाटलेल्या मिरचीचा लेप हा त्याला पर्याय नव्हे. तीव्रतेचा अंदाज नसतो आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर भाजल्यासारखी जखम झालेली कळतही नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी अशा शेतकऱ्याला गोळ्यांचे पाकीट, काढ्यातील घटक व हळदीच्या कॅप्सूलची बाटली डॉक्टरांसमोर एकत्र ठेवण्यास सांगावे. चालू गोळी मनाने बंद करू देऊ नये. फवारणीचा इतिहासही नोंदवावा. काही ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या तीव्र विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या व अशक्तपणा येतो. अशा वेळी कीटकनाशकाच्या डब्यावरील लेबलही सोबत न्यावे.