हृदयाचे औषध, लागणारा दम आणि माणसाचा रंग

हृदय कमजोर झाले की जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, आडवे झाले की जीव घाबरा होतो. गोळीने गुण आला का, हे पाहायला आम्ही वॉर्डात रोग्याला सहा मिनिटे चालवून किती अंतर झाले ते मोजायचो. मोठ्या तपासणीत रोग्याला सायकलवर बसवतात, जोर वाढवत नेतात आणि थकेपर्यंत शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते यंत्रावर पाहतात.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत अशी तपासणी झाली. ८०४ पुरुष होते. काहींना एनालाप्रिल दिले, बाकीच्यांना हायड्रालाझिन आणि आयसोसॉर्बाइड या दोन गोळ्या मिळून. १९९१ साली निकाल आला. व्यायामातला ऑक्सिजन दोन गोळ्यांनी वाढला, पण दोन वर्षांत मृत्यू एनालाप्रिलवाल्यांत कमी होते. म्हणजे दम वाढला म्हणून आयुष्य वाढलेच असे नाही. हे आम्हालाही पहिल्यांदा वाचताना पटले नव्हते.

पुढे तेच जुने आकडे काळे आणि गोरे असे वेगळे करून पाहिले. एनालाप्रिलचा वरचढपणा गोऱ्यांत दिसला, काळ्यांत दोन्ही औषधे सारखीच ठरली. पण निकाल हाती आल्यावर केलेली ही वाटणी. त्यात काळे रोगी गोऱ्यांपेक्षा बरेच कमी.

मग नवी तपासणी झाली. १०५० रोगी, सगळे स्वतःला काळे म्हणवणारे. नेहमीची औषधे सगळ्यांना चालूच; वरून काहींना या दोन गोळ्या, काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. दुसऱ्या गटात शंभरात साधारण १० दगावले, पहिल्यात ६. म्हणून २००४ मध्ये तपासणी मुदतीआधीच थांबवली. २००५ मध्ये दोन्ही औषधे एकत्र असलेल्या 'बायडिल' गोळीला तिथल्या सरकारने फक्त काळ्या रोग्यांसाठी परवानगी दिली.

औषध चांगलेच. पण गोऱ्यांना त्यात घेतलेच नव्हते, मग त्यांना ते कमी लागू पडते हे कळले कशावरून? शिवाय वंश रक्तात तपासला नाही, रोग्याने सांगितला तो लिहिला. रक्तदाब, गरिबी, उशिरा मिळालेला उपचार यांचा भार हृदयावर पडतो, तो कातडीच्या रंगाखाली झाकला जातो.

यातले आयसोसॉर्बाइड आपल्या वस्तीतही ओळखीचे आहे: छातीत दुखले की जिभेखाली ठेवतात ती गोळी. तिने डोके दुखते, चक्कर येते. त्या तपासणीत जवळजवळ निम्म्यांचे डोके दुखले. म्हणून बसून घ्यावी, शेजारणीची उचलून घेऊ नये. घरातल्या पुरुषाने ताकदीची सिल्डेनाफिल गोळी घेतली असेल तर डॉक्टरला आधी सांगावे, लाज धरू नये. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम खाली येतो. आणि कोणी नव्या औषधाच्या तपासणीसाठी सही मागितली, तर विचारा: तुलना कोणाशी आहे, आमच्याबरोबर आणखी कोणाला घेतले आहे, त्रास झाला तर खर्च कोण करणार?